रस्ता कौन्सिलचा, जबाबदारी चालकाची

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे जातात आणि मोटारचालकाच्या दृष्टीने हिवाळा सुरू होतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात लंडनमध्ये सूर्य सकाळी ८ नंतर उगवतो आणि दुपारी ४ च्या आधी मावळतो. हॅम्पस्टेडच्या रॉयल फ्री रुग्णालयात सकाळची पाळी करणारी परिचारिका किंवा पहाटे घराघरांत जाणारी वृद्धसेविका अंधारातच निघते आणि बहुधा अंधारातच परतते. तिची गाडी रात्रभर रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभी असते. काचेवर दवाचा बर्फ साचलेला असतो आणि घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या गल्लीत मीठ पडलेले असेलच असे नाही. या स्थितीत गाडी हिवाळ्यासाठी सज्ज ठेवणे हे वरवर गॅरेजचे काम वाटते. प्रत्यक्षात त्यामागे कायद्याने केलेली जबाबदारीची एक विभागणी आहे. त्या विभागणीत चालकाच्या वाट्याला आलेला भाग बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे आणि भारतातून नव्याने आलेल्या चालकाला तो सर्वांत उशिरा कळतो.

मराठी वाचकाला कॅमडेन हे नाव परिचित आहे ते प्रामुख्याने किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरामुळे. १९२१-२२ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती वास्तू विकत घेतली. हे घर प्रिमरोझ हिलच्या पायथ्याशी आहे आणि तिथून उत्तरेकडे जमीन चढत जाते. कॅमडेन टाउनच्या कालव्याकाठापासून हॅम्पस्टेडच्या व्हाइटस्टोन पाँडपर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे १३४ मीटर उंचीपर्यंत, एकाच बरोच्या हद्दीत रस्ता १०० मीटरहून अधिक चढतो. खाली नुसता पाऊस पडत असताना वर हिमकण पडावेत, हे इथे नवलाचे नाही. बरोतील निम्म्याहून बऱ्याच अधिक कुटुंबांकडे स्वतःची गाडी नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी अनेकांना घराचे अंगण किंवा गॅरेज नाही. रहिवासी परवान्यावर रस्त्याच्या कडेलाच गाडी ठेवावी लागते. हिवाळ्याच्या तयारीचा विचार याच वास्तवातून करावा लागतो.

एका अपघाताने बदललेला कायदा

रस्त्यावरचा बर्फ हटवणे हे रस्त्याच्या मालकाचे काम, असे सामान्य माणूस गृहीत धरतो. इंग्लंडच्या कायद्याने हे गृहीतक बराच काळ मान्य केलेले नव्हते. १९९१ मध्ये ईस्ट ससेक्समध्ये सकाळच्या वेळी एका चालकाची गाडी डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळ बर्फावरून घसरून पुलाच्या कठड्यावर आदळली आणि तो जवळजवळ संपूर्ण लुळा झाला. मीठ टाकणारी गाडी काही मिनिटांत तिथे पोचणार होती. त्याने ईस्ट ससेक्स काउंटी कौन्सिलवर दावा केला. अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. परंतु २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरवला. १९८० च्या महामार्ग कायद्यातील ‘देखभाल’ या शब्दाचा अर्थ रस्त्याची दुरुस्ती एवढाच होतो, त्यात बर्फ हटवण्याचे कर्तव्य येत नाही, असा तो निर्णय होता.

या निकालानंतर २००३ मध्ये संसदेने कायद्यात भर घातली. हिम किंवा बर्फामुळे रस्त्यावरील सुरक्षित वाहतुकीला धोका पोचणार नाही याची ‘वाजवीपणे शक्य असेल तितकी’ काळजी घेणे हे रस्ते प्राधिकरणाचे कर्तव्य ठरले. आजची सारी व्यवस्था या शब्दांवर उभी आहे. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक पहाटे मीठ टाकणे कोणत्याही कौन्सिलला शक्य नाही आणि कायदा ते मागतही नाही. त्यामुळे प्राधान्यक्रम ठरतो. मुख्य रस्ते, बसमार्ग, रुग्णालये आणि अग्निशमन केंद्रांकडे जाणारे रस्ते आधी. निवासी गल्ल्या नंतर, किंवा नाहीच.

लंडनमध्ये त्यात आणखी एक वाटणी आहे. युस्टन रोड किंवा फिंचली रोड यांसारखे मोठे मार्ग ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’च्या अखत्यारीत येतात. शहरातील एकूण रस्त्यांपैकी असे रस्ते सुमारे ५ टक्केच आहेत, पण वाहतुकीचा जवळपास तिसरा हिस्सा त्यांवरून जातो. उरलेले रस्ते बरो कौन्सिलकडे. एकाच प्रवासात चालक या दोन यंत्रणांच्या हद्दी ओलांडतो आणि मीठ टाकलेल्या रस्त्यावरून न टाकलेल्या रस्त्यावर केव्हा आलो हे त्याला कळत नाही.

मिठाच्याही मर्यादा आहेत. चेशायरमधील विन्सफर्डच्या खाणीतून येणारे खनिज मीठ रस्त्यावर पडले म्हणजे काम संपले असे होत नाही. चाकांखाली ते चिरडले जाते, पाण्यात विरघळते आणि मग पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. रहदारीच नसलेल्या गल्लीत ते नुसते पडून राहते. मोठा पाऊस झाला तर वाहून जाते. तापमान उणे ८-१० अंशांखाली गेले तर त्याचा प्रभाव फारच घटतो. २ फेब्रुवारी २००९ रोजी झालेल्या हिमवर्षावात लंडनच्या सर्व बस थांबवाव्या लागल्या होत्या. पुढच्याच हिवाळ्यात देशभर मिठाचा तुटवडा पडला आणि सरकारला कौन्सिलांना मीठ जपून वापरण्यास सांगावे लागले. त्यानंतर डेव्हिड क्वार्म्बी यांच्या समितीने २०१० मध्ये साठ्यांविषयी शिफारशी केल्या आणि परिस्थिती सुधारली. परंतु प्राधान्यक्रमाचे तत्त्व कायम राहिले.

‘शक्य तितके’ आणि ‘केलेच पाहिजे’

प्राधिकरणासाठी कायद्याची भाषा ‘वाजवीपणे शक्य तितके’ अशी आहे. चालकासाठी ती ‘केलेच पाहिजे’ अशी आहे. ब्रिटिश ‘हायवे कोड’मध्ये जिथे इंग्रजीतील ‘मस्ट’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, तिथे त्यामागे दंडाची तरतूद असलेला कायदा असतो. जिथे ‘शुड’ असते तो सल्ला असतो; मात्र तो न पाळल्याचा पुरावा न्यायालयात चालकाविरुद्ध वापरता येतो. २२९ व्या नियमानुसार निघण्यापूर्वी सर्व काचांवरील बर्फ काढणे, दिवे स्वच्छ असणे आणि नंबरप्लेट वाचता येणे हे ‘मस्ट’ आहे. समोरच्या काचेवर डोळ्यांपुरते भोक पाडून निघणे हा गुन्हा आहे. टपावरचे बर्फ काढावे हा सल्ला आहे, परंतु ब्रेक लावताच ते घसरून काचेवर आले किंवा मागच्या गाडीवर उडाले तर निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा आरोप होऊ शकतो.

टायरबाबत नियम आणखी कडक आहे. टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, संपूर्ण परिघावर, खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. त्याखाली गेलेल्या प्रत्येक टायरमागे २५०० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ पॉइंट होऊ शकतात. एमओटीचे प्रमाणपत्र इथे बचाव ठरत नाही, कारण ते तपासणीच्या दिवसापुरते बोलते. मार्चमध्ये एमओटी उत्तीर्ण झालेली गाडी डिसेंबरमध्ये नियमबाह्य असू शकते.

याच ठिकाणी नवागत चालक अडचणीत येतो. वैध भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये वास्तव्य सुरू झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. भारताचा परवाना बदलून ब्रिटिश परवाना मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा नव्याने द्यावी लागते. पुण्यात किंवा ठाण्यात १५ वर्षे गाडी चालवलेला माणूस ही परीक्षा उत्तीर्ण झाला की कायद्याच्या लेखी ‘नवा चालक’ ठरतो. १९९५ च्या नवचालक कायद्यानुसार पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले तर परवाना रद्द होतो आणि दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. दोन झिजलेले टायर म्हणजे ६ पॉइंट. ज्याची नोकरी गाडीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ही किंमत दोन नव्या टायरांच्या कितीतरी पट आहे.

दुसरीकडे, ही परीक्षा हिवाळ्याची पात्रता तपासत नाही. रस्त्यावर बर्फ असेल तर प्रत्यक्ष चाचणीच रद्द केली जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि त्याचा परिणाम असा की जो चालक बर्फावर कधीही चाक फिरवलेले नाही तोही पूर्ण परवानाधारक होतो आणि त्याची पहिली खरी परीक्षा एखाद्या सकाळी हॅव्हरस्टॉक हिलच्या उतारावर होते.

पावसाळ्याची शिस्त, हिवाळ्याचे अज्ञान

महाराष्ट्रातील चालक तयारी करत नाही असे नाही. मृग लागण्यापूर्वी वायपरची रबरे बदलणे, ब्रेक पाहणे, गुळगुळीत झालेले टायर काढून टाकणे ही तिथली रीतच आहे. पण ती पाण्याविरुद्धची तयारी आहे. मुंबईत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान १९६२ च्या जानेवारीतील ७.४ अंश सेल्सियस. टायर उत्पादक साधारण ७ अंशांखाली हिवाळी टायरची शिफारस करतात, कारण त्याखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड कमी होते. म्हणजे मुंबईची विक्रमी थंडी जिथे संपते तिथे लंडनच्या हिवाळ्याचे गणित सुरू होते. निफाडच्या गारठ्यात किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या मराठी वाचक दर वर्षी वाचतो. मात्र तो पर्यटनाचा आणि द्राक्षबागांच्या काळजीचा विषय असतो, वाहनाचा नव्हे.

या अनुभवातील फरकातून काही सवयी सोबत येतात. रेडिएटरमधील द्रव कमी झाले की नळाचे पाणी घालणे ही पहिली. भारतात त्याने फार तर गंज चढतो. इथे पाणी गोठून फुगले तर इंजिनाला तडा जाऊ शकतो. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर मिश्रण उणे ३० अंशांखालीही टिकते, परंतु वरचेवर साधे पाणी घातल्याने हे प्रमाण बिघडते. दुसरी सवय वायपरच्या टाकीत साधे पाणी भरण्याची. ते नळीत गोठते. मिठाचा चिखल काचेवर उडतो तेव्हा फवारा येत नाही आणि कोवळ्या, तिरप्या उन्हात काच पांढरी होऊन समोरचे काहीच दिसत नाही. तिसरी, काचेवरचा बर्फ घालवण्यासाठी गरम पाणी ओतण्याची. तापमानातील अचानक फरकाने काच तडकते आणि खाली सांडलेले पाणी गोठून पायाखालीच निसरडे होते. चौथी सवय अधिक सूक्ष्म आहे. एसी म्हणजे गारवा, त्यामुळे थंडीत तो बंद ठेवायचा, असा समज असतो. वस्तुतः एसी हवेतील बाष्प काढून घेतो. हीटरसोबत तो चालू ठेवल्यास आतून धुरकटलेली काच लवकर स्वच्छ होते.

बॅटरीचा प्रश्न कॅमडेनमध्ये विशेष आहे. थंडीत तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो. डिसेंबर २०१३ पासून कॅमडेन कौन्सिलच्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. प्रवास छोटे आणि थांबत-थांबत होतात. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर आणि वायपर एकाच वेळी चालू असताना १०-१५ मिनिटांच्या फेरीत बॅटरीतून जेवढे जाते तेवढे परत भरतेच असे नाही. पाच-सहा वर्षे जुनी बॅटरी उन्हाळ्यात तक्रार न करता चालते आणि पहिल्या गोठणाऱ्या सकाळी मान टाकते. ऑक्टोबरमध्ये तिची तपासणी करून घेणे हे अख्ख्या तयारीतील सर्वांत स्वस्त काम आहे.

उबदार गाडी आणि रस्त्यावरची हवा

थंड सकाळी इंजिन सुरू करून घरात परत जायचे आणि चहा होईपर्यंत गाडी तापू द्यायची, ही ब्रिटनमधील जुनी रीत. हायवे कोडच्या १२३ व्या नियमानुसार सार्वजनिक रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी सोडून जाणे निषिद्ध आहे. विनाकारण इंजिन चालू ठेवणेही निषिद्ध आहे. त्यासाठीचा २० पौंडांचा दंड किरकोळ वाटेल. पण किल्ली गाडीत असताना ती चोरीस गेली तर बहुतेक विमा पॉलिसी भरपाई देत नाहीत. अंगण असलेल्या उपनगरी घरात निदान हा रस्त्याचा नियम आड येत नाही. कॅमडेनमध्ये गाडी रस्त्यावरच असल्याने तो जवळजवळ प्रत्येकाला लागू होतो.

या नियमामागचे कारण गंभीर आहे. दक्षिण लंडनच्या लुइशममध्ये साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी ९ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा २०१३ मध्ये दम्याच्या झटक्याने दगावली. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या मृत्यूच्या फेरचौकशीत वायुप्रदूषण हे मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदवले गेले. ब्रिटनमध्ये अशी नोंद प्रथमच झाली. हिवाळ्यात हवा स्थिर असताना धूर जमिनीलगत राहतो आणि शाळेत जाणाऱ्या मुलाचे नाक एक्झॉस्टच्या उंचीच्या बरेच जवळ असते. उभ्या गाड्यांची इंजिने बंद करण्यासाठी लंडनच्या बरोंनी जी संयुक्त मोहीम उभारली, तिचे नेतृत्व सिटी ऑफ लंडनसोबत कॅमडेनने केले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

म्हणजे चालकासमोर दोन कर्तव्ये एकाच वेळी उभी राहतात. काच पूर्ण स्वच्छ हवी आणि त्यासाठी इंजिन तापवत ठेवता येत नाही. यातून वाट आहे, पण ती आदल्या रात्रीची आहे. काचेवर आच्छादन घालणे, वायपर बंद असल्याची खात्री करणे, डी-आयसर आणि खरवडणी घरात ठेवणे (गाडीत ठेवली आणि दार गोठले तर उपयोग शून्य), आणि सकाळी १० मिनिटे आधी निघणे. विजेवरच्या गाड्यांमुळे हा प्रश्न काही अंशी सुटतो. चार्जरला जोडलेली गाडी धूर न करता आतून तापवता येते आणि बॅटरीही खर्ची पडत नाही. मात्र ही सोय ज्याच्या दारात चार्जर आहे त्याची. सदनिकेत राहून दिव्याच्या खांबावरील चार्जरसाठी जागा शोधणाऱ्याला ती सहज मिळत नाही. शिवाय थंडीत विजेच्या गाडीचा पल्लाही घटतो. हवा स्वच्छ ठेवण्याचा भार इथे उत्पन्नानुसार आणि घरानुसार असमान पडतो.

हिवाळी टायरची सक्ती हवी का?

जर्मनीत २०१० पासून बर्फाच्या स्थितीत हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह असलेलेच टायर तिथे ग्राह्य धरले जातात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी स्थिती असेल तर तसे टायर हवेत. फ्रान्सच्या ठरावीक डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर किंवा साखळ्या जवळ लागतात. नाताळात आल्प्सकडे गाडीने जाणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी ठेवावे. ब्रिटनमध्ये अशी सक्ती नाही.

लंडनपुरता विचार केला तर ती नसणे समर्थनीय आहे. जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचे दिवस इथे मोजकेच असतात. चार जादा टायर आणि ते ठेवायला जागा, हा खर्च छोट्या सदनिकेतील कुटुंबाला परवडणारा नाही. पण सक्ती नाही म्हणून प्रश्न नाही, असे नव्हे. जानेवारीत इथल्या रात्रीचे सरासरी किमान तापमान २ ते ३ अंशांच्या आसपास असते, म्हणजे टायरच्या दृष्टीने थंडी महिनोन्‌महिने असते. वर्षभर चालणारे ‘ऑल-सीझन’ टायर हा मधला मार्ग आहे. त्याहीपेक्षा तातडीचे म्हणजे १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर रेषेची वाट न पाहता ३ मिलिमीटरच्या आसपासच टायर बदलणे.

कारण आकडे निर्दय आहेत. हायवे कोडनुसार ताशी २० मैल वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १२ मीटरांत थांबते. बर्फावर हे अंतर दहापट होऊ शकते, म्हणजे १२० मीटर. क्रिकेटच्या सहा खेळपट्ट्या एकापुढे एक मांडाव्यात इतके. कॅमडेनच्या कोणत्याही निवासी गल्लीत समोर तेवढी मोकळी जागा मिळत नाही. वेगमर्यादा पाळणे इथे पुरेसे नाही. त्यामुळे तयारीचा शेवटचा आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे गाडी न काढण्याचा निर्णय. भुयारी रेल्वे, ओव्हरग्राउंड आणि बस असलेल्या बरोत तो बहुतेकांना घेता येतो. पहाटे ७ च्या पाळीला जाणाऱ्यांना, अनेक घरे फिरणाऱ्या सेविकांना तो सहज घेता येत नाही. उशिरा पोचल्यास पगार कापला जाणार नाही, एवढी हमी मालकाने गोठलेल्या सकाळी दिली, तर ती एखाद्या टायरइतकीच अपघात टाळणारी ठरेल.

२००३ च्या दुरुस्तीने रस्ते प्राधिकरणांवर कर्तव्य आले, पण निवासी गल्लीच्या तोंडापर्यंतचे पहिले काही शे मीटर व्यवहारात चालकाच्याच भरवशावर राहिले आहेत आणि नजीकच्या काळात त्यात बदल संभवत नाही. ही वस्तुस्थिती नव्याने आलेल्यांना परवाना, घर आणि बँक खाते यांच्याबरोबरच सांगितली गेली पाहिजे. भारतातून कर्मचारी आणणाऱ्या संस्थांचे ते काम आहे. १९३२ पासून लंडनमध्ये कार्यरत असलेल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थाही दिवाळीच्या सुमारास त्यासाठी एखादी संध्याकाळ देऊ शकतात. दिवाळी आणि घड्याळे मागे जाण्याचा रविवार बहुधा एकमेकांच्या आसपासच येतात. घरची साफसफाई चाललेली असते, तेव्हाच टायरच्या खाचा मोजणे, बॅटरी तपासून घेणे आणि टाकीतले साधे पाणी काढून त्यात न गोठणारे द्रव भरणे हे अर्ध्या दिवसाचे काम उरकता येते. डिसेंबरच्या गोठलेल्या सकाळी त्यासाठी सवड मिळत नाही.